मोंते ग्रांदे: बुडालेली वसाहत आणि अर्जेंटिनात जिरलेले स्कॉटिश

ओसरी_७२ (धागाकर्ती)

विश्वचषकाच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "अर्जेंटिनाच्या संघात हा मॅक अ‍ॅलिस्टर कुठून उगवला?" तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. त्याचं उत्तर आधी देऊन टाकते: आडनाव स्कॉटिश गेलिक, पण घरची मंडळी मूळ आयर्लंडचं सांगतात. म्हणजे तो आपल्या गोष्टीतला नाही. गोष्ट त्याच्या बरीच आधीची आहे.

कामानिमित्त दोन वर्षं ब्युनोस आयर्सला होते. एका रविवारी कोन्स्तितुसिऑन स्थानकातून लोकल पकडून मोंते ग्रांदेला गेले. विमानतळाच्या अंगाला असलेलं हे उपनगर आपल्या डोंबिवलीसारखंच गजबजलेलं. १८२५ साली इथे स्कॉटिश शेतकऱ्यांची अख्खी वसाहत होती. आज ती शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. मलाही लागलं नाही. दोन एम्पानादा खाऊन परत आले आणि मग वाचत बसले.

जॉन आणि विल्यम पॅरिश रॉबर्टसन हे दोघे स्कॉटिश व्यापारी भाऊ. जॉन पोरवयातच या मुलखात आला. पाराग्वेत धंदा केला, तिथून हाकलला गेला. स्वातंत्र्ययुद्धातला सेनापती सान मार्तिन याची ३ फेब्रुवारी १८१३ची सान लोरेन्सोची लढाईसुद्धा त्याने डोळ्यांदेखत पाहिली, ती केवळ त्या रात्री योगायोगाने तिथे मुक्कामाला होता म्हणून. पुढे पैसा हाती आल्यावर भावांच्या डोक्यात शिरलं की इथे स्कॉटलंडहून कसलेले शेतकरी आणावेत. दिवसही तसे होते. फेब्रुवारी १८२५मध्ये ब्रिटनशी मैत्रीचा तह झाला. कॅथलिक देशात ब्रिटिश प्रजेला स्वतःचा धर्म पाळायची मुभा मिळाली. सरकारने जमीन देण्याचं कबूल केलं. (इथे आपल्याकडच्या कुठल्याही माणसाला पुढचं कळलं असेल.) जमीन काही मिळाली नाही. शेवटी भावांनी शहराच्या दक्षिणेला खासगी जमीन विकत घेतली, सुमारे १६,००० एकर.

मे १८२५मध्ये एडिंबराजवळच्या लीथ बंदरातून 'सिमेट्री' नावाचं जहाज दोनशेवर माणसं घेऊन निघालं आणि ऑगस्टमध्ये पोचलं. ब्युनोस आयर्सला तेव्हा धक्काच नव्हता. नदी उथळ, त्यामुळे जहाज दूर उभं, तिथून होडी, आणि होडीही टेकेनाशी झाली की उंच चाकांच्या गाड्या घोड्यांसकट पाण्यात यायच्या. कडेवर पोर, काखेत बायबल आणि खाली कमरभर पाणी अशा अवस्थेत ही मंडळी अमेरिकेच्या मातीवर उतरली असणार.

जहाजात नांगरे होते, सुतार, गवंडी, लोहार होते, रिचर्ड अ‍ॅडम्स नावाचा वास्तुरचनाकार आणि जॉन ट्वीडी नावाचा पन्नाशीचा माळी होता. तीन वर्षांत त्यांनी घरं बांधली, शेतं कुंपणात घेतली, झाडं लावली. या लोकांचं लोणी शहराच्या बाजारात यायला लागलं. लाखो गुरं असलेल्या त्या देशात गुरं मारायची ती मुख्यतः कातड्यासाठी, दूध काढायच्या भानगडीत फारसं कुणी पडत नसे. वसाहत वाढून पाचशेच्या घरात गेली.

आणि मग सगळंच फिसकटलं. आधी ब्राझीलशी युद्ध, बंदराची नाकेबंदी. ते संपतंय तोवर डिसेंबर १८२८मध्ये लावाये नावाच्या सेनापतीने गव्हर्नर दोर्रेगोला गोळ्या घातल्या आणि यादवी पेटली. लावायेच्या विरोधातल्या रोसासचे घोडेस्वार एकीकडून, लावायेचे दुसरीकडून, आणि मधोमध स्कॉटिश माणसांच्या गोठ्यांतली गुरं, घोडी. जो येईल तो घेऊन जाई. माणसंही मारली गेली. १८२९ सरेपर्यंत मोंते ग्रांदे रिकामं झालं. जॉन रॉबर्टसन कफल्लक होऊन ब्रिटनला परतला.

मला यातली पुढची गोष्ट जास्त आवडते. माणसं बहुतेक परत गेली नाहीत. काही शहरात सुतारकाम, दुकान करू लागली. काही आणखी दक्षिणेला, चास्कोमूसकडे सरकून मेंढपाळ झाली. तिथे मेंढरं वाट्याने राखायला मिळायची: कळप मालकाचा, राखण आपली, लोकर आणि कोकरांत तिसरा किंवा निम्मा हिस्सा आपला. चार-सहा वर्षांत हिश्श्याचीच कोकरं इतकी व्हायची की स्वतःचा कळप उभा राहायचा. १८५७मध्ये चास्कोमूसला त्यांनी चर्च बांधलं तेही स्थानिक झोपडीच्या धर्तीवर. नाव पडलं 'रांचो कर्क'. रांचो स्पॅनिश, कर्क स्कॉटिश.

माझं म्हणणं एवढंच: मोंते ग्रांदे टिकलं असतं तर ते एक बेट झालं असतं. १८६५मध्ये पातागोनियात चुबुतला आलेल्या वेल्श लोकांचं तसं झालं. त्यांची भाषा, त्यांची चहाघरं आजही तिथे आहेत. स्कॉटिशांचं गाव मोडलं आणि म्हणून ते देशभर पसरले, जिरले. पटतंय का बघा.

—

पेठेतला_स्टॉपर

ताई, धागा एक नंबर, पण फुटबॉल न घेता स्कॉटिशांवर लिहिलंत म्हणजे तांबड्या रश्श्याशिवाय ताट वाढल्यासारखं झालं की. मी वाढतो.

अलेक्झांडर वॉटसन हटन. ग्लासगोत जन्म १८५३चा. १८८२ला ब्युनोस आयर्सच्या सेंट अँड्र्यूज स्कॉच शाळेचा हेडमास्तर म्हणून आला. ही शाळा १८३८ची, ताईंनी सांगितलेल्या याच लोकांनी पोरांसाठी काढलेली. ह्यो म्हणाला, पोरांना मैदान पाहिजे, व्यायामशाळा पाहिजे. कमिटी म्हणाली, परवडत नाही. मग १८८४ला गड्यानं स्वतःची इंग्लिश हायस्कूल काढली, मैदानासकट. सांगतात की त्याच्यासाठी विलायतेहून चामड्याचे बॉल आले, तेव्हा कस्टमवाल्यांना ते काय आहे तेच कळंना. शेवटी 'वेड्या इंग्रजांच्या वस्तू' म्हणून सोडले म्हणे. खरं-खोटं कस्टमवाल्यांना माहीत.

१८९१ला तिथं पहिली लीग झाली. शेवटी बरोबरीत आलेले दोन संघ कोण? सेंट अँड्र्यूज आणि ओल्ड कॅलेडोनियन्स. दोन्ही स्कॉटिश! पुढं १८९३ला हटननं नव्यानं असोसिएशन उभी केली. आजची अर्जेंटिनाची असोसिएशन तिलाच आपली सुरुवात मानती. त्याच्या शाळेच्या माजी पोरांचा संघ म्हणजे अ‍ॅलुम्नी. १९०० ते १९११ मध्ये दहा वेळा चॅम्पियन. आणि त्या संघाचा कणा म्हणजे ब्राउन बंधू. एक-दोन नाही, घरचीच निम्मी टीम. होर्खे ब्राउन तर देशाचा कॅप्टन. त्यांचा पूर्वज जेम्स ब्राउन १८२५च्या त्याच सिमेट्री जहाजातनं आलेला. ताई, आता बोला!

आमच्यात पेठेपेठेत तालमींचे संघ आणि मॅचला अर्धं गाव निळंपांढरं. पण त्या निळ्यापांढऱ्याच्या मुळात एक रागावलेला मास्तर आहे हे कितीजणांना माहितीय?

—

ओसरी_७२

स्टॉपरभाऊ, रश्श्याबद्दल आभार. मुद्दाम वगळलं नव्हतं, फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही.

एक भर: १९०५मध्ये अर्जेंटिना-उरुग्वे सामन्यासाठी सर थॉमस लिप्टनने चषक दिला. हो, चहावाला लिप्टन, तोही ग्लासगोचाच. त्याची अट अशी होती की खेळाडू त्या त्या देशात जन्मलेलेच हवेत. म्हणजे नुकता बोटीतून उतरलेला साहेब बाद, पण होर्खे ब्राउन चालणार, कारण तो अर्जेंटिनाचाच. एका स्कॉटिश माणसाच्या चषकाने 'तुम्ही आता स्कॉटिश नाही' असं लेखी देऊन टाकलं.

—

उगाच_शंका

लेख आवडला. पण हे लोक हायलँडमधून, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातून, हुसकावलेले होते ना? जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुळांना हाकललं वगैरे? ते आलं नाही लेखात.

—

ओसरी_७२

ते मोंते ग्रांदेला लागू नाही म्हणून आलं नाही. हे लोक बहुतेक दक्षिण स्कॉटलंडमधल्या सखल भागातले. इंग्रजीची स्कॉटिश बोली बोलणारे, प्रेस्बिटेरियन, हाताला कसब असलेले आणि करारावर आणलेले. उपाशी निर्वासित नव्हते. गेलिक बोलणारे हायलँडर आणि लुईससारख्या बेटांवरचे लोक साठ वर्षांनी आले, तेही दूर दक्षिणेला पातागोनियात. दोन्ही लाटांना आपण 'स्कॉटिश' म्हणतो, पण कोकण्या आणि वऱ्हाडी यांच्याइतकं अंतर धरा.

—

सातबारा_पाहून

त्या वर्षी दक्षिण अमेरिकेत जमीन घ्यायची साथच आली होती. १८२५मध्येच स्कॉटिश कुटुंबांची दुसरी टोळी व्हेनेझुएलात काराकासजवळ तोपो नावाच्या जागी गेली. तिथली जमीन कोरडी, खडकाळ. १८२७मध्ये सगळं गुंडाळून कॅनडात ग्वेल्फला हलवावं लागलं. तोपोच्या दोन-तीन वर्षं आधी ग्रेगर मॅकग्रेगर या महाभागाने तर 'पोयाईस' नावाचा देशच कागदावर काढला, मध्य अमेरिकेत. त्याच्या नोटा छापल्या, जमिनी विकल्या आणि लोक जहाजात बसून गेलेसुद्धा. उतरल्यावर समोर नुसतं जंगल. फार्महाऊस प्लॉटच्या स्कीमा तेव्हापासून तशाच आहेत.

त्या मानाने रॉबर्टसन बंधू सज्जन म्हणायचे. त्यांनी खरी जमीन घेतली आणि स्वतःही बुडाले.

—

ओसरी_७२

सज्जन असावेत याचा एक पुरावा माझ्याकडे आहे. वसाहतीतल्या विल्यम ग्रीअरसनने आपल्या मुलाचं नाव ठेवलं जॉन पॅरिश रॉबर्टसन ग्रीअरसन. ज्याच्या योजनेपायी आपण सातासमुद्रापार येऊन पोचलो त्याचं अख्खं नाव, आडनावासकट, पोराला. शिव्या द्यायच्या माणसाचं नाव कुणी पोराला ठेवत नाही.

आणि या पोराची मुलगी म्हणजे सेसिलिया ग्रीअरसन. डॉक्टर मंडळी, पुढचं तुम्ही लिहा.

—

स्टेथोवाली

हाक ऐकली. :)

सेसिलिया ग्रीअरसन, जन्म १८५९. आई आयरिश. वडील लवकर गेले, त्यामुळे पोरवयातच शिकवायला लागली. पुढे वैद्यकीय विद्याशाखेत गेली आणि १८८९मध्ये अर्जेंटिनातली पहिली महिला डॉक्टर झाली. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६मध्ये फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन आल्या, म्हणजे तीनच वर्षांचं अंतर. आनंदीबाईंना आयुष्यच मिळालं नाही. हिला मिळालं, १९३४पर्यंत, पण पद मिळालं नाही. १८९४मध्ये विद्यापीठात प्रसूतिशास्त्र शिकवण्याच्या जागेसाठी अर्ज केला, तेव्हा ती निवडच रद्द करून टाकली. बाई आहे एवढंच कारण.

मला तिचं सगळ्यात मोठं काम पदवीच्या आधीचं वाटतं. विद्यार्थिनी असतानाच तिने परिचारिकांची शाळा सुरू केली. डॉक्टर पहिली कोण, दुसरी कोण हे पाटीवर लिहायला ठीक असतं. वॉर्ड चालतो तो शिकलेल्या नर्समुळे, हे ज्याने रात्रपाळी केलीय त्याला विचारा. २०२३मध्ये आलेल्या २,००० पेसोच्या नोटेवर तिचं चित्र आहे.

—

ओसरी_७२

आणि महागाई अशी की त्या नोटेत धड जेवण होत नाही. बाईला शेवटी पद दिलं आणि वजन काढून घेतलं!

—

रानवाटांचा

सगळं गोड चाललंय म्हणून थोडं कडू घालतो. रागावू नका.

धाग्यात 'जिरले', 'मिसळले' असे शब्द येतायत. दक्षिणेला काय झालं ते बघा. १८७७मध्ये मॅगेलनच्या सामुद्रधुनीत एलिझाबेथ बेटावर ब्रिटिशांच्या फॉकलंड बेटांवरून तीनशे मेंढ्या आणल्या. जगल्या. मग फॉकलंडच्या मेंढपाळांना बोलावणी गेली. सांता क्रुस प्रांताचा पहिला गव्हर्नर मोयानो १८८५मध्ये स्वतः तिकडे जाऊन माणसं घेऊन आला (आणि तिथल्या गव्हर्नरची पुतणी बायको करून आणली). त्यांत स्कॉटिश भरपूर. राखणदार कुत्री त्यांची, लोकर कातरायची रीत त्यांची, मुकादम त्यांचे.

ज्या जमिनीवर हे झालं तिथे तिएर्रा देल फुएगो बेटावर सेल्कनाम लोक राहत होते. ग्वानाको (उंटाच्या कुळातला रानटी प्राणी) मारून जगणारे, काही हजार. त्यांच्या रानात तारेची कुंपणं आली, ग्वानाको हटले, मग त्यांनी मेंढ्या मारल्या. त्यांच्या लेखी तो पांढरा ग्वानाको. मग कंपन्यांनी माणसं मारायला माणसं ठेवली. कापून आणलेल्या कानांवर पैसे मिळत. यातलं सगळ्यात कुप्रसिद्ध नाव आहे अलेक्झांडर मॅकलेनन, होसे मेनेंदेसच्या कुरणाचा मुकादम, स्कॉटिश. लोक त्याला 'चांचो कोलोरादो' म्हणत, लाल डुक्कर. जे उरले त्यांना डॉसन बेटावरच्या मिशनमध्ये नेलं, तिथे रोगांनी संपवलं.

हायलँडमधल्या सदरलंडमध्ये मेंढ्यांसाठी माणसं हाकलली हे स्कॉटिश लोक आजही विसरलेले नाहीत. पुढे मेंढ्या घेऊन तेच दुसऱ्याच्या दारात उभे राहिले.

—

उगाच_शंका

पण मेनेंदेस स्पॅनिश होता, सोन्यामागे तिथे गेलेला आणि सेल्कनामांवर बंदुका चालवणारा पॉपर रुमेनियन. कंपन्यांत चिलीचे, अर्जेंटिनाचे, इंग्लंडचे पैसे. एकट्या स्कॉटिशांवर कशाला?

—

रानवाटांचा

मालक कोणीही असो, बंदूक धरणारा हात कुणाचा हेही लिहावं लागतं. सगळे मेंढपाळ खुनी होते असं मी म्हटलेलं नाही. लुईसहून आलेला वीस वर्षांचा पोरगा चार-पाच वर्षं वाऱ्यात मेंढरं राखून, पैसे घरी धाडून परत गेला, असे कितीतरी. पण 'संपलेले सेल्कनाम' हाही शब्द जपून वापरा. चिलीने २०२३मध्ये कायद्याने त्यांना आदिवासी समाज म्हणून मान्यता दिली, कारण वंशज आहेत आणि ते बोलतायत.

—

ओसरी_७२

रानवाटा, रागावण्यासारखं काही नाही. मी मोंते ग्रांदेचं म्हणणं अख्ख्या देशावर पसरवलं, ती चूक माझी. लावायेच्या आणि रोसासच्या घोडेस्वारांमध्ये सापडलेले शेतकरी आणि मेनेंदेसचे मुकादम यांना एका 'आम्ही'त बसवता येत नाही. शीर्षकातलं 'जिरलेले' आता टोचतंय, पण संपादनाची मुदत गेली.

—

कावेरीकाठचा

आमचं घर तंजावर मराठी. तीनशे वर्षांत स्वयंपाकघरातलं मराठी टिकलं, बाजारातलं गेलं. या स्कॉटिशांच्या भाषेचं काय झालं?

—

ओसरी_७२

फार छान विचारलंत. शाळा-चर्चमुळे इंग्रजी तीन-चार पिढ्या टिकली, पण ती तिथलीच झाली. शहराबाहेरच्या मुलखाला हे लोक 'कॅम्प' म्हणतात, स्पॅनिश 'काम्पो'वरून. "ते कॅम्पात राहतात" ऐकून मी पहिल्यांदा पुण्याच्या कॅम्पावर गेले होते! फॉकलंडमध्येही हाच शब्द. तिथे तर घोड्याच्या साजाचे शब्द सगळे गाउचोंचे, म्हणजे तिथल्या घोडेस्वार गुराख्यांचे: बोसाल, काब्रेस्तो. म्हणजे चर्चमधले शब्द आपले ठेवले आणि घोड्यावरचे दुसऱ्याचे घेतले. तुमच्या स्वयंपाकघर-बाजारासारखंच.

बाकी तिथल्या लोकांना आजही हे सगळे 'इंग्लेसेस'च, इंग्रज. स्कॉटिश माणसाला यापेक्षा मोठी शिवी नसेल.

—

पेठेतला_स्टॉपर

मग ८२च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धात काय केलं या लोकांनी?

—

ओसरी_७२

पोरं अर्जेंटिनाची, वय अठरा-एकोणीस, सक्तीची भरती. आडनाव ब्रिटिश आहे म्हणून कुणी सोडत नव्हतं. समोरच्या बाजूला १३-१४ जूनच्या रात्री टम्बलडाउनच्या डोंगरावर स्कॉट्स गार्ड्स चढत होते. शहरात घड्याळाचा एक मनोरा आहे, ब्रिटिश लोकांनी वर्गणी काढून दिलेला. त्याला 'इंग्रजांचा मनोरा' म्हणत. युद्धानंतर नाव बदललं, समोरच्या चौकाचंही. मला भेटलेल्या एक आजी म्हणाल्या की त्या दिवसांत बसमध्ये आम्ही बहिणी एकमेकींशी स्पॅनिशमध्येच बोलायचो. त्यावर त्यांनी आणखी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

—

सातबारा_पाहून

उलट्या दिशेचा एक माणूस राहिला. रॉबर्ट कनिंगहॅम ग्रॅहम. स्कॉटिश सरदार घराण्यातला. १८७०मध्ये सतरा-अठराव्या वर्षी अर्जेंटिनाला जाऊन गाउचोंबरोबर घोडे हाकले. परत येऊन ब्रिटनच्या संसदेत खासदार, १८८८मध्ये स्कॉटिश मजूर पक्षाच्या स्थापनेत, आणि पुढे स्कॉटिश राष्ट्रवादी पक्षाचा मानद अध्यक्ष. ग्लासगोत ट्राम ओढणाऱ्या एका घोड्यावर त्याला अर्जेंटिनातल्या डागणीची खूण दिसली, तर त्याने तो घोडा तिथल्या तिथे विकत घेतला. नाव ठेवलं 'पाम्पा'. मेला तोही ब्युनोस आयर्सलाच, १९३६मध्ये. अंत्ययात्रेत मांचा आणि गातो हे दोन प्रसिद्ध घोडे चालले होते.

—

कुंडीतली_माती

इतका वेळ नुसती वाचत होते. त्या पन्नाशीच्या माळ्याचं पुढे काय झालं ते कुणी सांगितलंच नाही!

—

ओसरी_७२

ट्वीडी! बरी आठवण केलीत. वसाहत मोडल्यावर तो तिथेच राहिला. ब्युनोस आयर्सहून उरुग्वे, दक्षिण ब्राझील, पश्चिमेला तुकुमानपर्यंत वणवण फिरला आणि बिया, रोपं स्कॉटलंडला पाठवत राहिला. १८६२मध्ये गेला, सत्त्याऐंशी वर्षांचा होऊन. त्याच्या बियांतून १८३१मध्ये ग्लासगोत एक जांभळं फूल उमललं. तिकडे आधीच पोचलेल्या पांढऱ्या जातीशी त्याचा संकर केला आणि त्यातून आजचा बागेतला पेटुनिया तयार झाला.

—

कुंडीतली_माती

अगं बाई! माझ्या गॅलरीत आत्ता सहा कुंड्या आहेत. दर दिवाळीनंतर रोपवाटिकेतून आणते आणि होळीपर्यंत टिकवते. यंदा जांभळ्याला मावा पडलाय. कडुनिंबाचं तेल किती मारू, कुणी सांगेल का?

—

स्टेथोवाली

लिटरभर पाण्यात पाच मिली, थोडा साबण घालून. संध्याकाळी मारा, उन्हात नको.